बोरीसकट वजन

गुलाबरावांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. सोमवारी पावणेबाराला, रायपूरच्या विशेष न्यायालयात. निकाल वाचताना न्यायाधीश एकदाच थांबले, पाणी प्यायले, आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरू झाले. आता हे सगळं मी मागे घेतो. निकाल लागलेला नाही. गुलाबराव आत आहेत ते तारखा चालू आहेत म्हणून. आमच्या घरी तसंच ठरलंय. बाबांनी निकालाची बातमी असलेलं पेपरचं पान लोणच्याच्या बरणीखाली घातलं, आईने बरणी उचलून पान कधी पाहिलं नाही, आणि कोणी विचारलंच तर दोघंही एका सुरात म्हणतात, "केस चालू हाय त्याहीची." तेव्हा आपणही तसंच धरून चालू, आणि जानेवारीतल्या त्या रविवारपासून सुरू करू, जेव्हा सगळं अजून दुरुस्त होण्यासारखं होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी तेव्हा लॉ कॉलेजच्या पाचव्या वर्षाला होतो आणि मला बरंच काही वाटत असे.

समता कॉलोनीत आमचं घर वर आणि खाली दातांचा दवाखाना. डॉक्टर क्षमा मॅडम आमच्या भाडेकरू. त्यांचं दात कोरायचं यंत्र सुरू झालं की त्याचा आवाज फरशीतून वर येतो, टेबलाच्या पायातून चढतो आणि मी दंडसंहिता वाचत असलो तर कलमाच्या मधोमध घुसतो. माझे सगळे गुन्हे मी त्या आवाजात पाठ केलेत. खून वाचतानाही माझी दाढ शिवशिवते. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून शांतता होती, आणि त्या शांततेत शेवंतामावशी जिना चढून आली. ती दवाखान्यात अवजारं उकळायची, फरशी पुसायची, पेशंटांना नंबरानं आत सोडायची. कामाला लागून सहा महिने झाले होते. नवरा आत आहे एवढं आम्हाला माहीत होतं. कशासाठी, हे आईने विचारलं नव्हतं. आईच्या मते विचारलं की मदत करावी लागते. मावशीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी, आणि तिच्यात झेरॉक्स कागदांचा गठ्ठा. "भैया, मॅडम म्हणत होत्या तुम्ही क्रिमिनल करून राहिले म्हणून," ती म्हणाली. "हे चालान हाय त्याहीचं, पोलिसायनं कोर्टात देलं ते. वकील तर सरकारी भेटला. तो म्हणते समद्यात जप्तीचा कागद पक्का हाय, तो फुटत नाही. काय लिवलं हाय त्यात एवढं पक्कं, जरा वाचून देता का?"

मी क्रिमिनल करून राहिलो होतो हे खरं. बाबा हे सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत. सदर बाजारात कापड घ्यायला गेलो तरी दुकानदाराला सांगत, "हा आमचा पोट्टा, क्रिमिनल हाय," आणि दुकानदार मला एक पाऊल मागे सरून पाहत असे. आमच्या वर्गात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विशेष विषय निवडायचा होता. बहुतेकांनी कंपनी कायदा घेतला. मी फौजदारी घेतला, कारण कंपनी कायद्याचा तास सकाळी आठला होता आणि नव्या राजधानीतलं आमचं कॉलेज घरापासून बसने तास-सव्वातास, मध्ये नुसते रुंद रस्ते, ज्यांच्यावर अजून कोणाला कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. पुढे लोकांना कारण सांगताना मी अन्यायाचा उल्लेख करायला शिकलो. उल्लेख करता करता मला तो विषय आवडायलाही लागला, ही गोष्ट वेगळी. विशेषतः पुरावा. पुराव्याच्या कायद्यात मला एकदा वीसपैकी एकोणीस मिळाले होते. प्रश्न होता: सदोष जप्ती पत्रक दिले आहे, त्यातल्या चुका शोधा आणि निर्दोष करून लिहा.

तर मी मावशीच्या हातून गठ्ठा घेतला आणि जप्तीचं पान काढलं. आधी नुसता कागद दिसला. मग ओळी दिसल्या. 'तौल के पूर्व तराजू का काँटा शून्य पर होना दोनों पंचों को दिखाया गया.' मग दुसरी: 'बोरी एवं पैकिंग छोड़कर शुद्ध वजन 20 किलो 600 ग्राम पाया गया.' माझ्या मानेवर, केस संपतात तिथे, काहीतरी गार टेकलं. ठाण्यातले लोक असं लिहीत नाहीत. काट्याचं शून्य पंचांना दाखवायचं, हे ठाण्यातल्या कोणाला सुचत नाही. ते मला सुचलं होतं. ही वाक्यं मी सांगितली होती, खुर्ची उलटी करून, पाठीवर हनुवटी टेकवून, वीस महिन्यांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी दोन ते चारच्या मध्ये. "पक्कं हाय का भैया?" मावशीने विचारलं. मी म्हटलं, "हो. चांगलं लिहिलंय." तोंडातून निघून गेलं. माझा आवाज मला खूश वाटला.

त्या मे महिन्याबद्दल आता नीट सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं. कॉलेजचा नियम असा की सुटीत महिनाभर कुठेतरी काम शिकायचं आणि दाखला आणायचा. हायकोर्टाच्या वकिलाचा दाखला आणला तर गुण जास्त. माझे चारुदत्तमामा बिलासपूरला हायकोर्टात वकिली करतात. त्यांनी एप्रिलमध्येच लेटरहेडवर लिहून दिलं की अनिमेष संपूर्ण मे महिना माझ्याकडे होता, मेहनती आहे, वक्तशीर आहे. एप्रिलमध्ये मे महिना संपवून टाकल्यामुळे मी मोकळा झालो. आमच्या वर्गात हे सगळेच करतात. एका मुलाने तर दिल्लीत आणि चेन्नईत एकाच वेळी काम केलं, आणि दोन्हीकडे तो वक्तशीर होता. मोकळा झालेला बाकीचा महिना मी काय करावं? तर शहराच्या उत्तरेकडच्या, भनपुरीच्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात जाऊन बसू लागलो. फुकट, आपल्या मर्जीने, शिकायला. म्हणजे जे शिक्षण झालं ते कागदावर नाही आणि कागदावर आहे ते झालं नाही. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. ठाण्यानेही माझं नाव कुठे लिहिलेलं नाही. फिट्टंफाट.

तिथे कागद लिहिणारा हवालदार, ज्याला सगळे मुंशीजी म्हणत, तो तुळशीराम. इतका सज्जन माणूस मी त्या महिन्यात दुसरा पाहिला नाही. दुपारी डब्यातली बासी काढायचा, रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, बरोबर कांदा आणि हिरवी मिरची, आणि अर्धी मला द्यायचा. कुलरचं तोंड माझ्याकडे फिरवायचा. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला वकीलसाहेब म्हणायचा, आणि मी वीस वर्षांचा होतो, मला त्याच्यासाठी काहीही करावंसं वाटायचं. त्या दुपारी एक लोडर गाडी आणून उभी केली होती. टाइल्सच्या खोक्यांच्या मागे एक बोरी, म्हणजे पोतं, बोरीत टेप गुंडाळलेले पुडे, पुड्यांत गांजा. ओल्या गवतासारखा, जरा गोडसर, गुरं बांधतात तिथला वास खोलीभर होता. सील लागून झालं होतं. तुळशीरामने कागद लिहून मला दाखवला, सहज, जसं कोणी नवा शर्ट दाखवतं. 'बोरी समेत तौल 20 किलो 600 ग्राम.' आणि मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, "मुंशीजी, ये तो पहली पेशी में उड़ जाएगा." मग मी समजावून सांगितलं, बोटांवर मोजत: गांजा वीस किलोच्या वर गेला की कमीत कमी दहा वर्षं, जामीनही जवळजवळ नाही, वीसच्या खाली असला तर न्यायाधीशाच्या हातात, दोनही देईल, तीनही देईल. तुमचं वजन बोरीसकट. बोरी, टेप, प्लास्टिकची पन्नी काढा, किती उरतं? वकील हाच प्रश्न विचारेल. तुळशीराम कांदा चावायचा थांबला. "त का लिखन भैया?" म्हटलं, शुद्ध वजन लिहा. "फेर तराजू तो दुकान वाला ले गे हे," तो म्हणाला, काटा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा होता आणि दुकानदार तो घेऊन गेला होता. आणि तेव्हा मी जे बोललो ते शब्द माझे आहेत, मला तंतोतंत आठवतात, त्यांच्यावर मला कोणाचा दाखला नको. मी म्हणालो, "वो आप देख लो. मैं तो सिर्फ़ फॉरमैट बता रहा हूँ."

तुळशीरामने पहिला कागद फाडला, चार तुकडे केले, कांद्याची सालं त्यात गुंडाळली आणि नवा कोरा कागद घेतला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. तराजूचं शून्य. पंचांची उपस्थिती. सीलचा नमुना. आकडा तोच राहिला, वीस किलो सहाशे. फक्त त्यातून बोरी निघून गेली. मला तेव्हा ते कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं. पण कागद इतका सुंदर उतरत होता की मध्ये थांबणं वाईट दिसलं असतं. त्या वेळी व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, एक माणूस बसला होता. दारातून मला त्याचे पाय तेवढे दिसत होते, टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तो म्हणाला, "दादा, पाणी भेटंन का थोडंसं?" मराठीत. रायपूरच्या ठाण्यात, मराठीत, माझ्या आजोळी बोलतात तसं. मी मान न उचलता म्हणालो, "अभी रुको, काम चल रहा है." ते गुलाबराव होते, त्या गाडीचे ड्रायव्हर. मला त्यांचं नाव वीस महिन्यांनी कळलं, त्यांच्याच बायकोने आणलेल्या झेरॉक्सवर.

गांजा गुलाबरावांचा होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. मावशीचं म्हणणं, भनपुरीच्या गोदामात कोणीतरी खोक्यांमागे टाकला, त्याहीनं मागं वळून पाहिलं नाही. असेलही. नसेलही. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला नाही, कारण मला जे माहीत होतं ते त्याहून लहान आणि जास्त टोकदार होतं: बोरी काढून वजन कोणी केलंच नव्हतं. पंच सहीपुरते होते, ते सोडले तर हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक तुळशीराम, तो सांगणार नाही. दुसरे गुलाबराव, त्यांना आत काय लिहिलं जातंय ते दिसत नव्हतं, त्यांना फक्त तहान माहीत होती, म्हणजे खरं तर दोनच माणसांना. आणि माल तर नियमाप्रमाणे, फोटो काढून, कधीच जाळून टाकलेला. आता तोलायला फक्त मी उरलो होतो.

सोमवारी मी गुलाबरावांना सरकारकडून फुकट मिळालेले बचावाचे वकील भैय्यालाल यांना गाठलं. कोर्टाच्या आवारात, पत्र्याखाली, टेबलाला साखळीने बांधलेली खुर्ची. सगळं ऐकून घेताना ते समोसा खात होते. ऐकून झाल्यावर त्यांनी समोसा खाली ठेवला. हे चांगलं लक्षण आहे असं मला वाटलं. "तू गवाही देगा?" म्हटलं, हो. "बढ़िया. बस एक बात बता, तू वहाँ था, इसका काग़ज़ क्या है?" म्हटलं, मी होतो. "अरे बेटा, था तो मैं भी बहुत जगह." ठाण्याच्या कुठल्या नोंदवहीत मी नव्हतो. ठाण्यात बसणाऱ्यांची नोंद फक्त ते आरोपी असतील तर होते. "और उस महीने का तेरा कोई दूसरा काग़ज़ तो नहीं है कहीं?" भैय्यालाल वकिलांनी सहज विचारलं, पुन्हा समोसा उचलत, आणि माझ्या पोटात, बेंबीच्या जरा वर, एक लेटरहेड उलगडलं. मी त्यांना बिलासपूरचा दाखला सांगितला. त्यांनी बोटं पुसली आणि म्हणाले, "क्रिमिनल ऑनर्स?" म्हटलं, हो. "दिख रहा है."

आता हिशोब सोपा होता, आणि म्हणून मला रात्रीची झोप गेली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. झोप दिवसा गेली, वर्गात, जिथे ती नेहमी असायची. मी साक्ष दिली तर शपथेवर सांगावं लागणार की बिलासपूरचा दाखला खोटा. दाखला खोटा म्हणजे कॉलेजला खोटा कागद दिला, म्हणजे पदवी अडकली, सनद तर लांबच. खोटे कागद देणारा माणूस फौजदारी वकील होऊ शकत नाही, त्याला अशील व्हावं लागतं. साक्ष दिली नाही तर गुलाबरावांना कमीत कमी दहा वर्षं, त्यातली सात-आठ तरी माझ्या शब्दांत. एका बाजूला माझी पाच वर्षं, दुसऱ्या बाजूला त्यांची. मी दोन्ही तोलून पाहत होतो, आणि खालून यंत्राचा आवाज यायचा, आणि त्या आवाजात कुठेतरी मावशी कोणाला तरी म्हणायची, "तोंड मोठं उघडा, अजून मोठं." एकदा जिन्यात ती भेटली. मी तिला सांगून टाकलं. सगळं नाही. एवढंच, की मी त्या दिवशी ठाण्यात होतो, वजन बोरीसकट होतं, हे मी कोर्टात सांगणार. कागद मीच सुधारला हे माझ्या तोंडून निघालं नाही. तिने माझा हात धरला, तिच्या हाताला डेटॉलचा वास होता, आणि म्हणाली, "देवमाणूस हाय भैया तुम्ही." तो हात मी संध्याकाळपर्यंत कशालाही लावला नाही.

बाबांना मी जेवताना सांगितलं. माझे बाबा शालिग्राम, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकून, निवृत्त. त्यांनी आधी भाजी संपवली. मग म्हणाले, "तू वकील व्हाले शिकून राहिला का गवाह व्हाले?"

"बाबा, एक माणूस दहा वर्षं आत जाईल."

"तू बिलासपूरले होता."

"नव्हतो. तुम्हाला माहीत आहे नव्हतो. रोज इथे जेवत होतो."

"जेवत असशील. पण होता बिलासपूरले." बाबा चिडले नव्हते, तेच भयंकर होतं, ते मला खात्यातला एखादा नियम समजावून सांगावा तसं सांगत होते. "हे पाय. माझा जन्म दिवाळीतला. तुया आजीनं सांगतलं, पणत्या लावून राहिली होती अन् कळा आल्या. मास्तरनं शाळेत लिवली एक जून. सारा जन्म मी एक जूनचा हावो. नोकरी एक जूननं लागली, रिटायर एक जूननं झालो, पेन्शन एक जूननं भेटते. आता मी हापिसात जाऊन म्हणू का, साहेब, मी दिवाळीचा हावो? कोणाचं भलं होईन त्याच्यानं?" आई म्हणाली, "भात घे." मी भात घेतला. बाबांच्या म्हणण्यात कुठे चूक आहे ते मी शोधत होतो, पुराव्याच्या पेपरात शोधतो तशी, आणि मला सापडत नव्हती, फक्त व्हरांड्यातले ते पाय दिसत होते, टाचांच्या भेगा. त्यांना एक जून कोणी दिला नव्हता.

मार्चमध्ये मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. अंगात पांढरा शर्ट होता, जो मी वकील म्हणून पहिल्यांदा उभा राहीन तेव्हासाठी सदर बाजारातून घेतला होता. गुलाबराव मागच्या बाकावर, दोन शिपायांच्या मध्ये. मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला. साधा, जरा झोपाळू चेहरा, बसमध्ये आपल्या खांद्यावर डोकं टाकेल असा. भैय्यालाल वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. सगळं. कांदा, काटा, फाडलेला कागद, आणि नवा कागद मी सांगितला हेसुद्धा. ते सांगताना मावशीकडे पाहिलं नाही. शब्द बाहेर येत होते, स्वच्छ, क्रमाने, आणि मला हलकं वाटायला लागलं, इतकं हलकं की लाकडी कठडा धरून ठेवावा लागला. मग सरकारी वकील उठले. वयस्कर, मऊ आवाजाचे. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. आमच्या कॉलेजने आपल्या वेबसाइटवर लावलेला तक्ता: कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या सुटीत कुठे काम केलं. माझं नाव पिवळ्या शाईने रंगवलेलं.

"हे आपलंच नाव?" "हो." "मे महिना, बिलासपूर, हायकोर्ट?" "हो, पण ते खोटं आहे." "दाखला आपणच कॉलेजात दिलात?" "हो." "खोटा आहे हे माहीत असून?" "हो." "म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी आपण खोटी गोष्ट खरी म्हणून सांगता." या प्रश्नाला दोनच उत्तरं होती आणि दोन्हींनी मी मेलो होतो. मला हे शिकवलं होतं. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर आघात, चौथं वर्ष, दुसरं सत्र. मनातल्या मनात मी त्यांना एकोणीस गुण दिले. "कधी कधी," मी म्हणालो. कोर्टात कोणीतरी हसलं. "आणि आरोपीची पत्नी आपल्या घरी कामाला आहे?" "खालच्या दवाखान्यात." "घर कोणाचं?" "आमचं." "बस, एवढंच." त्यांनी कागद इतक्या हळुवार ठेवला जसं झोपलेल्या मुलाला ठेवतात. खाली उतरताना मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते न्यायाधीशांच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते.

निकाल लागला नाही हे आपलं ठरलंय, त्यामुळे त्यात काय लिहिलं होतं ते मी थोडक्यातच सांगतो. लिहिलं होतं की बचावाचा साक्षीदार त्या तारखेला बिलासपूर येथे असल्याचे कागदोपत्री सिद्ध होते, सबब त्याची साक्ष विश्वासपात्र नाही. आणि लिहिलं होतं की जप्ती पत्रक अत्यंत काळजीपूर्वक, सर्व नियमांचे पालन करून तयार केलेले दिसते. आयुष्यात माझ्या लेखनाची कोर्टाने केलेली ही पहिली स्तुती. कॉलेजात माझ्यावर चौकशी समिती बसली, कारण मी शपथेवर दाखला खोटा आहे म्हटलं होतं. मी मनाची तयारी करून ठेवली होती, पदवी जाणार, जाऊ दे, निदान एवढं तरी माझ्याकडून घ्या. समितीने दोन बैठका घेतल्या आणि निकालपत्राची प्रत मागवली. मग त्यांनी मला बोलावून सांगितलं की माननीय न्यायालयानेच तू बिलासपूरला होतास असा निष्कर्ष काढला आहे, त्याच्या वर जाऊन आम्ही निर्णय देऊ शकत नाही. दाखला खरा. प्रकरण बंद. मला फौजदारी कायद्यात विशेष योग्यतेसह पदवी मिळाली. बाबा घरी पेढे घेऊन आले. "कोर्टानंच म्हटलं ना तू बिलासपूरले होता?" ते म्हणाले. "मंग होता." मी जे देऊ केलं होतं ते कोणी घेतलंच नाही.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. मी विनोदी माणूस आहे, मित्रांना ही गोष्ट सांगून चहा प्यायलो असतो. निकालाच्या, म्हणजे न लागलेल्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात शेवंतामावशी उभी होती. रडून झालेलं होतं. भैय्यालाल वकिलांनी तिला निकाल समजावून सांगितला होता, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे जे कागदावर आहे ते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "भैया, तुम्ही बिलासपूरले होते म्हणे."

"नाही मावशी. मी इथेच होतो. ठाण्यात."

"पण जज साहेबानं लिवलं हाय ना."

"ते चुकीचं आहे."

"कोर्टाचा कागद चुकीचा कसा राहीन?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट मला सांभाळून घेणारं काहीतरी होतं. "मले बरं वाटाव म्हणून तुम्ही म्हटलं असंन. की मी होतो, की कागद मीच लिवला. चांगल्या मनानं म्हटलं. पण असं नाही म्हणाव भैया. आमी आस लावून बसलो." मग तिने पदराने नाक पुसलं आणि निघाली, कारण चारला दवाखाना उघडायचा होता. त्यानंतर ती जिना चढून वर आली नाही. खाली यंत्र चालतं. ती लोकांना तोंड मोठं उघडायला सांगते.

आणि एक गोष्ट सुरू झालीय जी मी अजून कोणाला सांगितली नाही. चारुदत्तमामांचा फोन आला होता, अभिनंदनाचा. बोलता बोलता म्हणाले, "तुले आठवते का, त्या मे महिन्यात मी तुले जुन्या फायली काढाले लावल्या होत्या, तू शिंकून शिंकून बेजार झाला होता?" मी म्हटलं, मामा, मी आलोच नव्हतो. ते हसले, "काय बे, मलेच सांगून राहिला?" मामांना खरंच आठवत होतं. वकिलाला आपण लिहिलेलं आठवतंच. आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उजेडात, बसमधून रिकाम्या रस्त्याकडे पाहताना, माझ्या नाकात जुन्या फायलींची धूळ आली. मी शिंकलो. मग एक लांब व्हरांडा दिसला, काळे कोट, मामांच्या खोलीतल्या पंख्याची एक पात वाकलेली. मी बिलासपूरला लहानपणी गेलोय, त्यामुळे पंखा खरा असू शकतो; पण आता त्या पंख्याखाली मी वीस वर्षांचा बसलेलो आहे, फायलीची नाडी सोडतोय, आणि बाहेर मे महिना आहे. ठाण्यातली दुपार आठवायला जातो तर आधी कांदा यायचा, तो यायला आता वेळ लागतो. तुळशीरामचा चेहरा सरकारी वकिलांसारखा मऊ होत चाललाय. परवा तर व्हरांड्यातल्या त्या माणसाने पाणी मागितलं आणि मी उठून दिलं. खरोखर दिलं, स्टीलच्या ग्लासात, गार, आणि तो प्यायला. मला इतकं बरं वाटलं की मी दचकून उभा राहिलो आणि बसमधल्या बाईला वाटलं मी तिला जागा देतोय. ती बसली.

मी त्या दुपारी बिलासपूरला होतो हे मान्य करायला माझ्याशिवाय कोणाचीच हरकत उरलेली नाही, आणि माझी हरकतही आता वेळेवर येत नाही. ती पूर्ण थांबली की ते वजन बोरीसकट होतं हे सांगणारं जगात कोणी नसेल, आणि मग ते खरोखरच वीस किलो सहाशे होईल. भैय्यालाल वकील म्हणतात अपील करू, पण अपिलात नवं काही आणावं लागतं, कागदासारखं काहीतरी. म्हणून काल बसून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. हिंदीत सुरुवात केली तर वाक्यं आपोआप सुंदर व्हायला लागली, तेव्हा मराठीत लिहिला. मराठीतला अर्ज इथे घेतला जात नाही, म्हणजे नाकारायचं पहिलं कारण मीच जोडून दिलंय. पोचपावतीसाठी पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिला आहे.

प्रति, जन माहिती अधिकारी, पोलीस ठाणे.

विषय: फाडलेल्या दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपल्या ठाण्यात संबंधित दिनांकास दुपारी दोन ते चारच्या दरम्यान प्रथम लिहिलेले व तद्नंतर चार तुकडे करून कांद्याच्या सालींसह टाकून दिलेले जप्ती पत्रक शोधण्यात येऊन, त्याची प्रमाणित प्रत अर्जदारास देण्यात यावी. प्रत देताना त्यातील कोणतीही चूक दुरुस्त करू नये. तसेच तो कागद फाडला जात असताना खोलीत हजर असलेल्या सर्व व्यक्तींची नावे, अर्जदाराच्या नावासह, कळविण्यात यावीत, ही नम्र विनंती.